कॅमेऱ्यावरचा एकच फ्लॅश आणि हॉलमधलं लग्न

तू मला ताई म्हणून लिहिलंस, म्हणून मीही अरे-तुरेच करते. तुझा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात मामेबहिणीचं लग्न आहे आणि फोटोंची जबाबदारी तुझ्यावर आली आहे. विधी इंदूरमध्ये राजेंद्रनगरच्या बाजूच्या एका छोट्या हॉलमध्ये, रिसेप्शन बायपासवरच्या एका गार्डनच्या मोठ्या बंदिस्त हॉलमध्ये. जवळ फुल-फ्रेम कॅमेरा, ३५ आणि ८५ मिलिमीटरच्या लेन्स, आणि ६० गाईड नंबरचा (हा फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) एक फ्लॅश. आजवर फ्लॅश लावला की चेहरे पांढरेफटक येतात, मागचा हॉल काळाकुट्ट होतो आणि फोटो पासपोर्टचा वाटतो. एक मित्र म्हणतो, फ्लॅश घरी ठेव आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढव. दुसरा म्हणतो, स्टँड, छत्र्या आणि दोन मोठे लाइट भाड्याने आण. कुणाचं ऐकू, असं तू विचारतोस.

या लग्नापुरतं दोघांचंही ऐकू नकोस. फ्लॅश कॅमेऱ्यावरच राहू दे, फक्त त्याचं तोंड माणसांकडून वळव. हॉलमधल्या लग्नात उजेड किती आहे याची काळजी सगळेच करतात, तो कुठून येतो याची फार थोडे लोक करतात. माझ्याकडे नवीन मुलं कामाला येतात तेव्हा सुरुवातीला मी त्यांच्याशी पॉवरबद्दल बोलतच नाही. हॉलमध्ये शिरल्यावर भिंती बघा, छत बघा, कापड कुठल्या रंगाचं आहे ते बघा, एवढंच सांगते. बाकीचं गणित त्यानंतर सोपं जातं.

पासपोर्टसारखा फोटो का येतो ते आधी समजून घे. फ्लॅश लेन्सच्या डोक्यावर बसलेला असतो. तो सरळ समोर मारला की सावल्या चेहऱ्याच्या मागे पडतात, आणि तिथल्या सावल्या लेन्सला दिसत नाहीत. नाकाची उंची, गालाचा उतार, हनुवटीची गोलाई आपल्याला सावलीमुळेच कळते. सावली गेली की चेहरा सपाट झाला. त्यात फ्लॅशची काच जेमतेम सहा-सात सेंटिमीटर रुंद. इतक्या लहान जागेतून निघालेला उजेड कडक असतो, घामाच्या प्रत्येक थेंबावर आणि शालूच्या जरीवर पांढरा ठिपका उमटवतो. आणि मागचा हॉल काळा का? अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. नवरी तुझ्यापासून २ मीटरवर आणि मागची भिंत ८ मीटरवर असेल, तर भिंतीवर नवरीच्या १/१६ उजेड पोचतो, म्हणजे पूर्ण ४ स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). कॅमेऱ्याचा यात काही दोष नाही.

आता फ्लॅशचं डोकं फिरव. तू नवरीकडे तोंड करून उभा आहेस, तुझ्या डाव्या हाताला थोडी मागे पांढरी भिंत आहे. डोकं त्या भिंतीकडे कर, किंचित वर. भिंतीचा दोन-अडीच मीटरचा पट्टा उजळतो आणि तोच आता तुझा दिवा होतो. मोठा, मऊ, आणि बाजूने येणारा. आपल्या इंदूरचंच उदाहरण घे. नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इथल्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १८७४ च्या सुमारास त्यांनी इथेच कॅमेरा हाती घेतला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा त्यांना आश्रय होता. तेव्हा फ्लॅश नावाची वस्तूच बाजारात नव्हती, मॅग्नेशियमची फ्लॅश पावडरसुद्धा जर्मनीत १८८७ मध्ये निघाली. त्या काळातले स्टुडिओवाले मोठ्या काचेच्या खिडक्या ठेवायचे आणि पडदे सारून उजेडाची बाजू ठरवायचे. तेव्हाची चांगली पोर्ट्रेट काढून बघ, चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी हळूहळू सावलीत उतरणारी. रात्री आठ वाजता, हवी त्या बाजूला तशी खिडकी उघडायची सोय तुझ्या फ्लॅशमध्ये आहे.

कुठली भिंत निवडायची? माझा नियम साधा आहे: नाक जिकडे, तिकडची भिंत. नवरी तुझ्या डावीकडे बघत असेल तर उजेड डावीकडूनच येऊ दे. म्हणजे चेहऱ्याची लेन्सपासून लांबची बाजू उजळते, जवळचा गाल हलक्या सावलीत राहतो, आणि चेहऱ्याला घडण येते. तिने मान वळवली की तूही फ्लॅशचं डोकं वळव. सुरुवातीला हात अडखळतो, मग न बघता वळवता येतं. हे घरीच घटवून ठेव.

अनेक जण डोकं सरळ छताकडे करतात. छत पांढरं आणि तीन-साडेतीन मीटरवर असेल तर फोटो बरा येतो, पण उजेड डोक्यावरून पडतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि आपल्या नवरीच्या बाबतीत दुसरीच अडचण उभी राहते, ती म्हणजे नथ. वरून उजेड आला की नथेची सावली थेट वरच्या ओठावर पडते आणि लहान फोटोत ती मिशीसारखी दिसते. मुंडावळ्यांचं तसंच. कानशिलांवरून लोंबणाऱ्या त्या मोत्यांच्या सरी कडक उजेडात गालांवर रेघोट्या ओढतात. बाजूच्या मोठ्या भिंतीवरून आलेल्या उजेडात या सावल्या इतक्या विरघळतात की नुसतं मोत्यांचं गोलपण उरतं. मराठी लग्नाचे फोटो काढताना मी छतापेक्षा भिंत शोधते, याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

डोकं बाजूला वळवलं तरी फ्लॅशचा थोडा उजेड सरळ पुढे गळतो आणि सगळी मेहनत सपाट करतो. त्यावर उपाय स्वस्त आहे. खजूरी बाजारात स्टेशनरीच्या दुकानातून काळी फोम शीट घे, साधारण पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा तुकडा काप आणि केसांच्या दोन रबरबँडनी फ्लॅशच्या डोक्याला अशा बाजूने बांध की नवरीला फ्लॅशची काच दिसणार नाही. तपासायची रीत अशी: नवरीच्या जागी कुणाला तरी उभं करून विचार, 'काच दिसते का?' दिसत असेल तर शीट सरकव. प्लॅस्टिकचा पांढरा डबा, म्हणजे डिफ्यूझर, फ्लॅशबरोबर मिळतो. तो बॅगेतच राहू दे. तो उजेड चहूकडे उधळतो, आणि आपल्याला तो एकाच बाजूने हवा आहे.

पॉवर पुरेल का, अशी तुला शंका येईल. हिशेब करून बघू. ६० हा गाईड नंबर फ्लॅश २०० मिलिमीटरला झूम केल्यावरचा असतो. ३५ च्या झूमला तो साधारण ३६ होतो. फ्लॅशपासून भिंत ३ मीटर, भिंतीपासून नवरी ४ मीटर, म्हणजे उजेडाचा प्रवास ७ मीटर. गाईड नंबरला अंतराने भागलं की लेन्सचं छिद्र किती ठेवायचं तो एफ-आकडा मिळतो: ३६ भागिले ७, म्हणजे आयएसओ १०० ला सुमारे एफ ५. पांढरी भिंतही उजेड पसरवते आणि खाते, त्याचे २ स्टॉप वजा कर: एफ २.५. आता आयएसओ ८०० कर, ३ स्टॉप वाढले: एफ ७. तुला फोटो एफ २.८ ला काढायचा आहे, म्हणजे पूर्ण पॉवरची गरजच नाही, १/८ ते १/४ पुरते. आयएसओ १६०० केलंस तर त्याच्याही निम्मी. म्हणून तुझ्या पहिल्या मित्राचं अर्धं म्हणणं खरं आहे. आयएसओ वाढवच, पण फ्लॅशच्या सोबतीने. कमी पॉवरला फ्लॅश लगेच भरतो, तापत नाही, आणि पाठोपाठ चार-पाच फोटो काढता येतात. हे किती महत्त्वाचं आहे ते अक्षतांच्या वेळी कळेल.

फ्लॅशचा झूम आपोआप बदलू देऊ नकोस. भिंत जवळ असेल तर ३५ किंवा ५०, लांब असेल तर १०५.

आता हॉलचा स्वतःचा उजेड. फ्लॅशचा झगमगाट एका क्षणात संपतो, त्यामुळे शटर किती वेळ उघडं राहिलं याचा त्याच्यावर परिणाम होत नाही. हॉलच्या दिव्यांवर मात्र होतो. म्हणून शटर हॉलसाठी आणि फ्लॅशची पॉवर चेहऱ्यासाठी, अशी वाटणी मनाशी पक्की कर. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढ. एफ २.८, आयएसओ १६००, शटर १/१०० पासून सुरुवात कर आणि हॉल साधारण एक ते दीड स्टॉप अंधारा दिसेपर्यंत आकडे हलव. झुंबर, तोरणं, मागची माणसं ओळखू यावीत, पण लक्ष वेधून घेऊ नयेत, इतपत. मग फ्लॅश सुरू कर. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० ही फ्लॅशची शटर-मर्यादा असते, पण हॉलमध्ये तिथवर जायचं कारणच पडत नाही. १/१०० वर अडून राहायला आणखी एक कारण आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० किंवा १/५० ला फोटोत पट्टे येत नाहीत, १/२५० ला येऊ शकतात.

रंगाचं सांगते, कारण इंदूरच्या हॉलमध्ये खरी परीक्षा तिथे आहे. फ्लॅशचा उजेड दिवसासारखा, साधारण ५५०० केल्व्हिन. हॉलचे पिवळे दिवे ३००० च्या आसपास. दोन्ही एकत्र आले की चेहरा नीट आणि मागचा हॉल भडक केशरी, नाहीतर हॉल नीट आणि चेहरा निळसर. यावर फ्लॅशच्या काचेवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लाव. सीटीओ नावाने मिळते, त्यातली अर्ध्या ताकदीची घे. फ्लॅश साधारण ३८०० केल्व्हिनला उतरतो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ४००० च्या जवळ हाताने ठेव. हॉल थोडा उबदार राहतो, चेहरा नैसर्गिक दिसतो, आणि लग्नाला ती ऊब शोभते. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नकोस, तीनशे फोटोंना तीनशे रंग येतील.

पण भिंतच गुलाबी असेल तर? किंवा पोपटी? पुष्कळ हॉलमध्ये असते. भिंतीवरून येणारा उजेड तिचा रंग घेऊनच येतो. फिकट क्रीम किंवा पिवळसर भिंत चालते, ती फुकटची जेल समज आणि फ्लॅशवरची काढून टाक. गुलाबी, हिरवी, निळी भिंत टाळ. मांडवाचं छतसुद्धा तपास: लाल किंवा जांभळ्या कापडाचं असेल तर वर अजिबात मारू नकोस, नवरीच्या कपाळाचा रंगच बदलतो. अशा वेळी पांढऱ्या वस्तू शोध. उघडलेलं पांढरं दार, खिडकीचा पडदा, पांढरा झब्बा घालून शेजारी उभे असलेले काका. हो, काकाही चालतात. त्यांना सांग, 'काका, जरा इथंच उभे राहा,' आणि त्यांच्या पाठीवर फ्लॅश मार. एका चेहऱ्यापुरता उजेड आरामात मिळतो. काहीच नसेल तर ११० सेंटिमीटरचा घडीचा रिफ्लेक्टर पांढऱ्या बाजूने भाच्याच्या हातात दे आणि फ्लॅशचं डोकं त्याच्याकडे कर. भिंत चालत तुझ्याबरोबर येईल.

आता विधी घे. सगळे सांगत बसत नाही. ज्या तीन-चार ठिकाणी हा एकटा फ्लॅश कमाल करतो, तेवढेच.

पहिलं, गौरीहर. नवरी मामाने आणलेली पिवळी साडी नेसून आतल्या खोलीत एकटी बसलेली असते, समोर अन्नपूर्णा किंवा बाळकृष्ण, हातात थोड्या थोड्या अक्षता. बाहेर गडबड आणि आत ती दहा-पंधरा मिनिटांची शांतता. बहुतेक फोटोग्राफर त्या वेळी बाहेर नवऱ्यामुलाच्या मागे असतात, याचं मला वाईट वाटतं. खोली लहान, भिंती जवळ, छत खाली, म्हणजे बाउन्ससाठी, भिंतीवरून उजेड उलटवण्यासाठी, अख्ख्या हॉलमधली सर्वोत्तम जागा. तू भाऊ आहेस, तुला आत जायला कुणी अडवणार नाही. दारात ८५ लावून उभा राहा, तिची मान जिकडे झुकली आहे तिकडच्या भिंतीवर १/३२ पॉवरने मार. एक लक्षात ठेव, पिवळ्या साडीवरून उलटलेला उजेड हनुवटीखाली पिवळेपणा आणतो. तो काढून टाकायच्या मागे लागू नकोस, हळदीच्या अंगाला तो खरा वाटतो. पाच-सहा फोटो काढ आणि बाहेर ये. ती वेळ तिची आहे.

दुसरं, अंतरपाट. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. मंगलाष्टकं सुरू असताना नवरा-नवरीमध्ये पांढरं कापड धरलेलं असतं, नवरीच्या चेहऱ्यापासून हात-दीड हातावर. सगळे फोटोग्राफर त्याला अडथळा समजतात. मी तो रिफ्लेक्टर समजते. नवरीच्या बाजूला, तिच्या खांद्याच्या रेषेत उभा राहा आणि फ्लॅशचं डोकं सरळ अंतरपाटाकडे कर, पॉवर १/३२ किंवा १/६४. कापडावर आपटून उजेड तिच्या चेहऱ्यावर समोरून येतो आणि तुला बाजूने तिची कडा दिसते: खाली झुकलेल्या पापण्या, नथेचे मोती, हातातला हार. कापड पातळ असेल तर थोडा उजेड पलीकडे झिरपून नवऱ्यामुलाच्या चेहऱ्यालाही लागतो. कापडावर कुंकवाचं स्वस्तिक असतं, त्याने काही बिघडत नाही. हल्ली कशिदा केलेले, रंगवलेले अंतरपाट मिळतात. तुझ्या मामीला आधीच विचारून ठेव, गडद रंगाचा असेल तर ही युक्ती सोडून दे.

शेवटच्या 'सावधान'ला अंतरपाट खाली येतो आणि अक्षतांचा पाऊस पडतो. इथे टीटीएल बंद कर. टीटीएलमध्ये फ्लॅश आधी एक छोटी चमक मारून मोजमाप घेतो, तेवढ्यात नवरीचे डोळे मिटतात, आणि समोरून उडणाऱ्या पांढऱ्या तांदळांमुळे मोजमापही चुकतं. मॅन्युअलवर १/१६ ठेव, एफ ४, आयएसओ १६००, फोकस आधीच नवरीच्या डोळ्यांवर लावून कुलूपबंद. फ्लॅश बाजूच्या भिंतीवर. त्या पॉवरला फ्लॅशची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी टिकते, त्यामुळे अक्षतेचा दाणा न दाणा हवेत थबकलेला दिसतो. शटर १/१०० वरून १/३० वर आणलंस तर हॉलच्या दिव्यात दाण्यांच्या पुसट रेघाही उमटतात, थबकलेला दाणा आणि त्याचा प्रवास एकाच फोटोत. मला ते जास्त आवडतं. सरळ फ्लॅश मारणारे इथे हमखास फसतात, कारण लेन्सजवळून जाणारे दाणे नवरीपेक्षा कितीतरी पट जास्त उजळून पांढरे गोळे होतात.

तिसरं, होम. लाजाहोमाच्या वेळी धूर असतो. कॅमेऱ्यावरून सरळ मारलेला उजेड आधी धुरावर पडतो आणि फोटो दुधाळ होतो. डोकं बाजूला किंवा मागे वळव, आणि फ्लॅशला दोन स्टॉप कमी सांग. ज्वाळेचा रंग शटर ठरवतं, म्हणून १/६० ठेव आणि आयएसओ ३२०० पर्यंत ने. अर्ध्या जेलऐवजी पूर्ण जेल लाव, म्हणजे फ्लॅश आगीच्या रंगात मिसळून जातो. व्हिडिओवाल्याचा एलईडी बहुतेक वेळा समोरून येतो. त्याच्याशी आदल्या दिवशीच बोलून घे: 'भैया, आप उधर से रखो, मैं इधर से लेता हूं.' त्याचा लाइट जोडप्याच्या मागून आला तर धुराला आणि केसांच्या कडेला चकाकी येते आणि समोरचं तू भिंतीवरून भरतोस. त्याचंही काम सुधारतं, तुझंही. लग्नातले निम्मे सुंदर फोटो व्हिडिओवाल्याशी गोडीगुलाबीने वागल्यामुळे येतात, हे मी मनापासून सांगते.

कानपिळी, सूनमुख, उखाणे: इथे सगळं पटापट घडतं आणि माणसं सतत हलतात. टीटीएल परत सुरू कर, डोकं सर्वात जवळच्या फिकट भिंतीकडे, आणि हसणाऱ्या चेहऱ्यांकडे लक्ष दे. कान पिळणाऱ्या भावाचा फोटो मात्र हवाच. तो मान तुझ्याकडे येणार असेल तर कॅमेरा कुणाकडे द्यायचा ते आधीच ठरव.

ग्रुप फोटोत कल्पकता नको, सगळे चेहरे दिसले पाहिजेत. ३५ ची लेन्स, एफ ५.६, आयएसओ १६००, फ्लॅशचं डोकं तुझ्या मागच्या भिंतीच्या वरच्या भागाकडे. चष्मेवाल्या आजोबांच्या काचेत ठिपका आला तर डोकं बाजूला फिरव, त्यांना चष्मा काढायला लावू नकोस. ते एरवी तसे दिसत नाहीत.

रिसेप्शनचा हॉल वेगळा. छत उंच, बहुतेक काळं रंगवलेलं, भिंती लांब, पार्लाइटचे जांभळे-निळे झोत आणि स्टेजमागे एलईडीचा पडदा. इथे बाउन्स चालणार नाही. दोन मार्ग आहेत. स्टेजवर भाच्याच्या हातातला रिफ्लेक्टर. जोडपं पडद्यापासून दोन-तीन मीटर पुढे उभं कर, म्हणजे पडद्यावरची जाळी फोटोत उमटत नाही आणि तुझा उजेडही त्याच्यावर सांडत नाही. दुसरा मार्ग नाचासाठी, आणि इथे इतका वेळ टाळायला सांगितलेला सरळ फ्लॅश मी तुला मुद्दाम वापरायला सांगते. शटर १/१०, एफ ५.६, आयएसओ ४००, फ्लॅशचा झूम ३५, पॉवर १/६४, रिअर कर्टन सिंक, आणि तू दीड मीटरवर, नाचणाऱ्यांच्या मधोमध. रिअर कर्टनमध्ये फ्लॅश शटर बंद होता होता पेटतो. आधी दिव्यांच्या रेघा ओढल्या जातात, शेवटी चेहरा लख्ख टिपला जातो, त्यामुळे रेघा माणसाच्या मागे राहतात. शटर उघडं असताना कॅमेरा मनगटातून हलकेच फिरव. ढोल-ताशा असो की डीजे, त्या फोटोत आवाज ऐकू येतो. सरळ फ्लॅशचा कडकपणा इथे शोभतो कारण क्षणही तसाच दणदणीत असतो. दहापैकी सात फोटो फुकट जातील, उरलेले तीन घरच्यांना वर्षानुवर्षं पुरतील.

आणखी एक प्रयोग वेळ मिळाला तर करून बघ. लेन्स ३५ ची ठेव आणि फ्लॅशचा झूम २०० वर ने. झोत इतका अरुंद होतो की गर्दीत फक्त जोडप्यावर पडतो, भोवतीचे सगळे हॉलच्या मंद उजेडात राहतात. दोघं हॉलमध्ये शिरतात त्या वेळी स्टुलावर उभं राहून काढ. अर्धी जेल असू दे, पॉवर जपून.

डोकं मागे वळवण्याआधी मागे कोण उभं आहे ते दर वेळी बघ. कडेवरचं बाळ, खुर्चीतल्या आजी, यांच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर फ्लॅश उडू नये. गुरुजींना सुरुवातीलाच नमस्कार करून विचार की कुठे उभं राहिलेलं चालेल. बहुतेक गुरुजी मग स्वतःहून सांगतात, 'आता बघा, आता घास भरवायचा आहे.' सेल रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचेच घे, चार-चारचे तीन संच, प्रत्येक संच रबरबँडने बांधलेला. तुझा फ्लॅश लिथियम पॅकवाला असेल तर एक पॅक जास्तीचा.

लग्नाच्या आधी हॉल एकदा संध्याकाळी जाऊन बघ, लग्नाच्याच वेळेला. व्यवस्थापकाला सगळे दिवे लावायला सांग. प्रत्येक कोपऱ्यातून भिंतीचा, छताचा एक-एक फोटो मोबाइलवर काढून आण. घरी बहिणीला, आईला, कुणालाही नथ आणि मुंडावळ्या घालून खुर्चीत बसव आणि चारही भिंतींवर आळीपाळीने फ्लॅश मारून बघ. ओठावरची सावली कधी येते आणि कधी जाते, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस की माझ्या आकड्यांची फारशी गरज उरणार नाही.

राहता राहिलं भाड्याचं. स्टँड आणि छत्र्या छोट्या हॉलमध्ये लहान मुलांच्या पायात येतात, वायर ओढली जाते, आणि विधी चौरंगाभोवती फिरत असताना ते हलवायला तुझ्याकडे माणूस नाही. ते पैसे वाचव. रिफ्लेक्टर घे, जेलचं पाकीट घे, सेलचे संच घे. काही शिल्लक उरलं तर ३५ च्या लेन्ससाठी दुसरी कॅमेरा बॉडी दोन दिवस भाड्याने आण, म्हणजे अंतरपाट खाली येताना तू लेन्स बदलत बसणार नाहीस.